हत्थाजडी, सालमपंजा आणि हिमालयातल्या आमरी : विकत घ्याव्यात का?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण गढवालमधली पुष्पघाटी, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, पाहून आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा विचार नाही, कारण ती इथे भरपूर आहेत आणि बहुतेक माझ्याहून चांगली आहेत. मला त्या प्रवासात भेटलेल्या एका कंदाविषयी विचारायचे आहे.

घांगरियाहून घाटीत शिरल्यावर वाटाड्याने एका ओलसर उतारावर आम्हाला थांबवले आणि गुडघ्याएवढे एक रोप दाखवले. जाड पोकळ दांडा, त्याला बिलगून वर चढत गेलेली लांबट पाने आणि टोकाला जांभळट गुलाबी फुलांचा तुरा असे ते होते. खालची फुले सुकून तिथे बोंडे धरली होती. वरची चार-पाच अजून ताजी होती आणि त्यांच्या ओठासारख्या पाकळीवर गडद ठिपके होते. वाटाड्या म्हणाला की ही हत्थाजडी, आणि नंदाष्टमी, म्हणजे भाद्रपदातला नंदादेवीचा सण, होईपर्यंत हिला हात लावायचा नाही. बुग्याळात, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, मोठ्याने ओरडायचे नाही आणि भडक कपडे घालून हिंडायचे नाही, नाहीतर आछरी, म्हणजे तिथल्या पऱ्या, माणसाला उचलून नेतात, असेही त्याने सांगितले. आमच्यातल्या एकाचे जाकीट पोपटी होते. तो दिवसभर सर्वांच्या मधोमध चालला.

परतीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीपाशी एक गृहस्थ आला आणि शालीखालून पुरचुंडी काढून त्याने ती आमच्यासमोर उघडली. आत तान्ह्या बाळाच्या पंजासारखे, तीन-चार बोटांचे, पिवळट पांढरे वाळके कंद होते. 'सालमपंजा' असे नाव सांगून त्याने अशक्तपणापासून वंध्यत्वापर्यंतची यादी म्हणून दाखवली, आणि एक कंद तिजोरीत ठेवला तर पैसा टिकतो हेही वर सांगितले. घाटीत पाहिलेली हत्थाजडी ती हीच, हे मला रात्री खोलीवर गेल्यावर कळले.

एकाच झाडाबद्दल 'हात लावू नका' आणि 'घरी न्या' अशा दोन्ही श्रद्धा एकाच खोऱ्यात कशा नांदतात? आणि अशी वस्तू आपल्यासारख्यांनी विकत घ्यावी का?

निवांत_सदाशिव

पोपटी जाकीटवाले सुखरूप परतले याचा अर्थ आछऱ्यांना रंगांची उत्तम जाण आहे, एवढेच तूर्त म्हणता येईल.

काढेकरी

मी एकवीस वर्षे आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी विचारला जातो, बहुधा हिमालयात जाऊन आलेल्यांकडून आणि बहुधा हातात पुडी घेऊनच.

सालमपंजा म्हणजे डॅक्टिलोऱ्हायझा हतागिरिया ही आमरी, अर्थात ऑर्किड. चरकाने सांगितलेले मुंजातक म्हणजे हाच कंद असावा असे काही अभ्यासक मानतात, पण 'सालम' हे नाव मात्र अरबी वैद्यकातून आले आहे. आपल्याकडे थंडीच्या पौष्टिक लाडवांत जी सालममिश्री पडते ती याच कुळातली. 'मिश्री' म्हणजे खडीसाखर नव्हे, मिस्र म्हणजे इजिप्त, हे आमच्या गिऱ्हाइकांना सांगून मी थकलो आहे.

खरा मोठा विषय अष्टवर्गाचा आहे. च्यवनप्राशासारख्या रसायनांत पडणाऱ्या या आठ वनस्पतींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार आज हिमालयातल्या आमरी म्हणून ओळखल्या जातात. भावमिश्राच्या भावप्रकाश या ग्रंथात त्यांची वर्णने फार बारकाईने केली आहेत. जीवक आणि ऋषभक हिमाद्रीच्या शिखरांवर उगवतात, दोघांचे कंद लसणासारखे असतात, एक कुंच्यासारखा दिसतो तर दुसरा बैलाच्या शिंगासारखा. ऋद्धीचे फळ डावीकडे वळलेले, वृद्धीचे उजवीकडे. मात्र ही वर्णने देऊन झाल्यावर भावमिश्र जे लिहितो ते सगळ्यांनी वाचावे असे आहे : 'राज्ञामप्यष्टवर्गस्तु यतोऽयमतिदुर्लभः'. राजांनासुद्धा अष्टवर्ग अतिशय दुर्लभ आहे, तेव्हा वैद्याने त्याच गुणांचे प्रतिनिधी द्रव्य घ्यावे. लगेच तो ती द्रव्येही सांगतो. मेदा-महामेदा नसतील तर शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद.

हा ग्रंथ सोळाव्या शतकातला आहे. तेव्हा रस्ते नव्हते, दुचाक्या नव्हत्या, ऑनलाइन विक्री नव्हती, आणि तरीही शास्त्राने शतावरी वापरायला मोकळीक दिली होती. म्हणून दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ 'नाही' असे आहे.

तर्कट

काढेकरी, प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यातून निघणारा सोयीचा अर्थ मला मान्य नाही. पर्यायी द्रव्ये सांगितली म्हणून झाड वाचले असे झालेले नाही. उलट 'राजांनाही दुर्लभ' हे वाक्यच आज जाहिरातीसारखे वापरले जाते, कारण दुर्लभ म्हटले की गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजते. तीच गोष्ट नंदाष्टमीची. आपण शहरातले लोक दुरून आलेल्या प्रत्येक रूढीत पर्यावरणरक्षण शोधतो आणि मग डोळे भरून येतात. ज्या श्रद्धेने झाड वाचते असे म्हणता, त्याच श्रद्धेच्या दुसऱ्या टोकाला तिजोरीतला पंजा आहे. मुळाचा आकार हातासारखा म्हणून त्यात बळ आणि बरकत, हा तर्क रूढीनेच दिला आहे. झाड वाचवायचे तर कायदा आणि पहारा हवा, पऱ्या नकोत.

बॉस्फरसकाठी

तर्कट यांच्या आकाराच्या मुद्द्याला पुरवणी जोडतो. हा तर्क फक्त आपला नाही. 'ऑर्किड' हा शब्दच ग्रीक भाषेतल्या वृषणाच्या नावावरून आला आहे, कारण भूमध्य सागराभोवतीच्या आमरींना जमिनीखाली दोन गोल कंद असतात. मोठा कंद पुरुषाने खाल्ला तर मुलगा आणि छोटा बाईने खाल्ला तर मुलगी, असे डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने पहिल्या शतकात नोंदवून ठेवले आहे. हिमालयातल्या जातीचे कंद बोटांसारखे फुटलेले असतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात 'बोट' आणि 'मूळ' असे दोन ग्रीक शब्द आले.

मी नोकरीनिमित्त इस्तंबूलमध्ये राहतो. इथे थंडीत सालेप नावाचे गरम, दाट, वर दालचिनी भुरभुरलेले दूध मिळते आणि खरे सालेप म्हणजे रानातल्या आमरींच्या कंदांचे पीठ. एक किलो पिठासाठी हजाराहून अधिक कंद लागतात. तुर्कस्तानने या कंदांच्या निर्यातीवर बंदी घातली आहे, पण देशातल्या देशात माराश शहराच्या चिवट आइस्क्रीमसाठी त्यांना मागणी आहेच. किराणा दुकानातल्या पाकिटात बहुधा स्टार्च आणि वास घातलेला असतो. पहिल्या वर्षी मला ते समजल्यावर फसवणूक वाटली होती. आता मी मुद्दाम तेच पाकीट घेतो.

सह्यकन्या

आमरी म्हटले की लोकांना थेट हिमालय आठवतो, म्हणून सह्याद्रीच्या बाजूने थोडे लिहिते. आमच्या कोकणातल्या घरामागे आंब्यावर सीतेची वेणी आहे. मे संपता संपता हातभर लांबीचा, गुलाबी ठिपक्यांचा घोस खाली लोंबतो. रावणाने सीतेला उचलून नेले तेव्हा तिच्या केसांतली वेणी झाडाला अडकून राहिली, अशी गोष्ट आजी सांगायची आणि त्यामुळे ती तोडायची आम्हाला मुभा नव्हती. हीच आमरी आसामात कपौ फूल म्हणून ओळखली जाते, बोहाग बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात आणि ती त्या राज्याचे राज्यपुष्प आहे.

गेल्या वर्षी आंबा साफ करायला आलेल्या गड्याने निम्मी वेणी कोयत्याने खरवडून टाकली. त्याच्या मते ते बांडगूळ होते आणि झाडाचा रस पीत होते. आमरी झाडावर फक्त बसते, त्याचे काही खात नाही. तिची जाड पांढुरकी मुळे हवेतला आणि सालीवरचा ओलावा शोषतात. हे त्याला समजावेपर्यंत खाली ढीग पडला होता. त्यातले धड तुकडे मी काथ्याने पुन्हा फणसाच्या खोडावर बांधले. सहापैकी दोन धरले.

निवांत_सदाशिव

सीतेची वेणी की द्रौपदीची वेणी, यावर या संस्थळावर यापूर्वी दोनदा शंभरी गाठली गेली आहे. तिसरे महाभारत नको, अशी धागाकर्त्यांच्या वतीने विनंती.

सह्यकन्या

त्या वादात मी दोन्ही वेळा होते आणि दोन्ही वेळा माझेच बरोबर होते, पण आज गप्प बसते.

बीजधारक

वनस्पतीशास्त्र शिकवतो, म्हणून जमिनीखाली काय चालते ते आधी सांगतो, कारण त्यावाचून नंदाष्टमीचा मुद्दा उलगडणार नाही.

हत्थाजडीला एका वेळी दोन कंद असतात. एक चालू वर्षाचा. त्यातले अन्न खर्च करून दांडा, पाने आणि फुले वर येतात, आणि पावसाळा सरेल तसा तो सुरकुतत, काळवंडत जातो. त्याच्या शेजारी दुसरा पांढुरका, टणक कंद भरत असतो. तो पुढच्या वर्षीचे रोप. थंडीत बर्फाखाली वरचे सगळे मरून जाते आणि तेवढा एक कंद जिवंत राहतो. बाजारात किंमत पांढऱ्या, भरलेल्या कंदालाच मिळते. म्हणजे खणणारा जे उचलतो ते त्या झाडाचे पुढचे वर्ष असते.

मग उरते ते बी. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांच्यात अन्नाचा साठा नसतो. जमिनीतली विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरून तिला पोसू लागली तरच ती रुजते, आणि त्यानंतरही फुलावर यायला कित्येक वर्षे जातात. त्यातच या जातीची फुले मध ठेवत नाहीत. माश्या रंगाला भुलून येतात, फसतात आणि शहाण्या होऊन निघून जातात, त्यामुळे सगळ्या फुलांना फळ धरत नाही. एकूण ही आमरी स्वतःच पुरेशी फसवी आणि पुरेशी नाजूक आहे.

आता नंदाष्टमी. ती भाद्रपद शुद्ध अष्टमीला येते, आपल्याकडे गौरी जेवतात त्याच सुमारास. जून-जुलैत फुललेल्या हत्थाजडीची बोंडे तोवर पिकून फुटू लागलेली असतात आणि वारा बी घेऊन गेलेला असतो. ब्रह्मकमळही त्या भागात या दिवसाआधी तोडत नाहीत. तर्कट म्हणतात तसे यात पर्यावरणरक्षण शोधण्याची गरज नाही, नुसते पंचांग आणि बोंड शेजारी ठेवून पाहिले तरी पुरते. नियम पाळणाऱ्याला बुरशी माहीत नव्हती, पण बोंड कधी फुटते ते माहीत होते.

अवांतर : कळलावीला आपल्याकडे गौरीचे हात म्हणतात आणि तिचाही कंद औषधी व विषारी आहे. हातासारखे दिसणाऱ्या झाडांचे दैव बहुधा कुठेच सरळ नसावे.

तर्कट

बोंडाचा मुद्दा मान्य करतो. पण मग हा नियम असूनही झाड संकटात का आले, याचे उत्तर कोणी देत नाही.

अलकनंदेकाठचा

ते मी देतो. मूळचा सांगलीचा, पण गेली सहा वर्षे कामासाठी चमोली जिल्ह्यात राहतो.

नंदाष्टमीचा नियम टिकायला एक गोष्ट लागत असे, ती म्हणजे त्याआधी बुग्याळात फारसे कोणी नसणे. मेंढपाळ असत, पण त्यांना जडीबुटीपेक्षा गवताची काळजी. हे गणित कीडाजडीने मोडले. सुरवंटावर वाढणारी ती बुरशी बर्फ वितळताच, मे-जूनमध्ये शोधली जाते आणि तिला मिळणारा भाव ऐकून गावेच्या गावे आठवडेच्या आठवडे वर तंबू ठोकून राहतात. चुलीला लाकूड तिथलेच, पोटाला भाजी तिथलीच, आणि गुडघ्यांवर बसून जमीन तपासताना हत्थाजडीचा कोंब दिसला तर तोही खणला जातो, कारण रिकाम्या हाताने खाली उतरणे कोणालाच परवडत नाही. नंदाष्टमीला तेव्हा तीन महिने अवकाश असतो. बोंड सोडाच, फूलही आलेले नसते.

श्रद्धा मेलेली नाही. त्याच घरातली म्हातारी नंदाष्टमीला ब्रह्मकमळ आणायला माणूस पाठवते आणि तो अनवाणी जातो. फक्त तो नियम फुलासाठी शिल्लक राहिला, कंदासाठी राहिला नाही.

पहाऱ्याबद्दलही लिहितो. पुष्पघाटीला १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि पुढे चराई बंद झाली. त्यानंतर तिथे अमेला नावाची उंच वाढणारी वनस्पती इतकी पसरली की वनखाते ती मजूर लावून उपटत असते. मेंढ्या काढल्याने फुले वाढली की दबली, यावर इथे दोन टोकांची मते आहेत. माझे मत असे की ज्या खोऱ्यातून माणसाला बाहेर काढले तिथले नियम सांगणारेही बाहेर गेले. २०१८ मध्ये नैनिताल उच्च न्यायालयाने बुग्याळांत रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली, तेव्हा पर्यटनवाले चिडले, पण ज्या बुग्याळ संरक्षण समितीने ती याचिका केली होती ती याच भागातली होती.

तर्कट

हे उत्तर मला पटले. 'पऱ्या नकोत' हे वाक्य मागे घेत नाही, पण त्यांच्या जोडीला पहारा असावा अशी दुरुस्ती करतो.

रानवाचक

नावाच्या गोंधळावर एक गोष्ट सांगायला हवी, कारण या धाग्यावरून कोणी ऑनलाइन शोध घेतला तर नेमका तिथेच पोहोचेल. हत्थाजडी वेगळी आणि 'हत्थाजोडी' वेगळी. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही हत्थाजोडी एका दुर्मीळ झाडाचे मूळ म्हणून, शेंदूर लावून, चांदीच्या डबीत घालून, धनलाभासाठी विकली जात असे. २०१७ मध्ये तपासण्या झाल्या तेव्हा त्यातले बरेच नग घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय निघाले. घोरपड मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. शाकाहारी घरांच्या देव्हाऱ्यांत त्या डब्या वर्षानुवर्षे पुजल्या गेल्या आहेत.

निवांत_सदाशिव

हा प्रतिसाद मी आमच्या मामींना वाचून दाखवला. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि अजून बाहेर आलेल्या नाहीत.

शेतकरी_नाशिक

इतके मौल्यवान आहे तर लोक याची शेती का करत नाहीत? कुठ नावाची हिमालयातली औषधी लाहौलमध्ये शेतात लावतात असे वाचले आहे. मागणी शेतीतून भागली तर रानातले आपोआप वाचेल. द्राक्षाची बाग उभी करायलाही सुरुवातीला वेड लागते असेच म्हणत होते.

बीजधारक

कुठाचे उदाहरण योग्य आहे. लाहौलमध्ये ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून लावली जाते. पण कुठ बियांपासून सरळ उगवते, आमरी उगवत नाही. बुरशीशिवाय साखरेच्या माध्यमावर आमरीचे बी रुजवण्याची रीत अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवली, आणि आज शोभेच्या आमरींचा जो जगभर बाजार आहे तो त्या वाटेने आला. हत्थाजडीचेही बी प्रयोगशाळेत रुजते. श्रीनगर गढवालच्या उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्रात आणि अल्मोड्याजवळच्या गोविंद वल्लभ पंत संस्थेत हिमालयातल्या औषधींवर अशा प्रकारचे काम चालते. अडचण बाटलीतून बाहेर काढल्यावर सुरू होते. जवळपास तीन हजार मीटरवरची थंडी हवी, मातीत सोबती बुरशी हवी आणि विकण्याजोगा कंद होईपर्यंत वर्षानुवर्षे थांबण्याची ऐपत हवी. दरम्यान शेजारचा माणूस कुदळ घेऊन वर जातो आणि संध्याकाळी पैसे घेऊन येतो. शेती आणि रानातली उचल एकाच भावाने विकली जात असेल तर शेतकरी हरणारच.

चीनने डेंड्रोबियम गटातल्या काही औषधी आमरींची मोठ्या प्रमाणावर लागवड करून दाखवली आहे. तरीही तिथले काही गिऱ्हाईक 'रानातलीच हवी' म्हणून जास्त पैसे देते. तर्कट यांचा दुर्लभपणाच्या जाहिरातीचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो.

काढेकरी

ओळख पटवण्याच्या घोळाचे आणखी एक उदाहरण देतो. रास्ना म्हणून बंगालकडे एक झाडावरची आमरी वापरतात, दक्षिणेत कुलिंजन वापरतात आणि आपल्याकडे बहुतेक जण तिसरीच वनस्पती वापरतात. जीवंती म्हणून पूर्वेकडे आमरी घेतात, तर गुजरात-महाराष्ट्रात दोडी घेतात. तिन्ही प्रांतांतल्या वैद्यांचे रुग्ण बरे होत आले आहेत. मग दुर्मीळ आमरीच हवी, हा हट्ट शास्त्राचा कसा म्हणायचा?

कायद्याविषयी रानवाचक यांना जोडून एवढेच सांगतो की आमरींचे सगळे कुळ साइटिस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या कक्षेत येते, त्यामुळे परदेशी पाठवायचा विचार कोणी करत असेल तर आताच सोडावा. आमच्या एका अनिवासी रुग्णाची अशी पुडी विमानतळावर काढून घेतली गेली होती आणि त्यांना चार तास बसवून ठेवले होते.

घाटवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आता एक कबुली द्यायला हवी. मूळ लेखात 'विकत घ्यावी का' असे विचारले, पण मी ती घेतली होती. पन्नास ग्रॅम, वडिलांसाठी. त्यांना गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर चढ चढताना दम लागतो आणि त्या माणसाच्या यादीत नेमके तेच होते. लाज वाटली म्हणून लिहिले नाही.

बीजधारक यांचा प्रतिसाद वाचून पुडी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रात ओतली आणि मोजली. एकतीस कंद निघाले. सगळ्यात मोठा माझ्या अंगठ्याएवढा, सगळ्यात छोट्याला दोनच बोटे आणि ती करंगळीच्या नखाएवढी. दोन कंदांच्या बेचक्यांत अजून माती होती. काळपट, सुरकुतलेला त्यात एकही नव्हता. एक रात्रभर पाण्यात ठेवला तर सकाळी फुगून बुळबुळीत झाला होता आणि त्याची बोटे पसरली होती. बायकोने ती वाटी ओट्यावरून उचलायला सांगितली.

वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, शतावरी तर आपल्या कुंपणाला आहे, तिच्यासाठी हिमालयात कशाला गेलास.

काढेकरी

कबुलीबद्दल राग नाही, माझ्याकडे येणाऱ्या पुड्या अशाच हेतूने आलेल्या असतात. मात्र चढताना दम लागणे हे शतावरीचे किंवा सालमपंजाचे काम नव्हे. आधी हृदयाची आणि रक्ताची तपासणी करून घ्या. कुंपणावरची शतावरी त्यानंतर पाहू.

बीजधारक

उरलेले तीस कंद रुजणार नाहीत, वाळवताना ते मेलेले असतात. ते कोणाला भेट मात्र देऊ नका, कारण भेट मिळालेला माणूस पुढच्या वेळी विकत घेतो.

अलकनंदेकाठचा

घाटवाट, तुमच्या वाटाड्याने ते रोप दाखवले तेव्हा त्या उतारावर अशी आणखी किती होती, आठवते का? इथे आम्ही काही जण दर पावसाळ्यात ठरलेल्या जागी तुरे मोजतो, म्हणून विचारतो.

घाटवाट (धागाकर्ता)

आठवत नव्हते, म्हणून फोटो मोठा करून पाहिला. पोपटी जाकिटाच्या मागे जो उतार दिसतो त्यावर नऊ तुरे आहेत. माझ्या पुडीत एकतीस कंद होते. फोटो इथे देतो आहे.

अलकनंदेकाठचा

नऊ ही नोंद घेतली, धन्यवाद. एक विनंती आहे. फोटोच्या माहितीत जागेचे अक्षांश-रेखांश तसेच दिसत आहेत. ते काढून फोटो पुन्हा चढवता का?

घाटवाट (धागाकर्ता)

काढले आहेत. आधीचा फोटो उडवला.